सेव्ह म्हणजे वाचवणे

सेव्ह म्हणजे वाचवणे, असं मला शाळेत शिकवलं होतं आणि मी ते चोख पाठ केलं होतं. म्हणून एका दुपारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक म्हातारी बाण लागून पडली, तेव्हा मी घाईघाईने 'सेव्ह' लिहिलेल्या जागी क्लिक केलं. वाटलं, आता उठेल. यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यात 'ओव्हरराइट' असा शब्द होता. ओव्हर मला क्रिकेटमुळे ठाऊक होती, आणि राइट म्हणजे बरोबर. म्हणजे सगळं बरोबर होणार! मी 'यस' केलं आणि वर हात जोडून म्हणाले, "उठा आता, आजीबाई."

आजीबाई उठल्या नाहीत.

ज्यांना हे खेळ ठाऊक आहेत त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सेव्ह म्हणजे खेळ या घडीला जसा असेल तसा जपून ठेवणे. म्हातारी मेलेली होती, मी ती मेलेली जपून ठेवली. आणि जिवंत म्हातारी जिथे जपलेली होती, ती जागा स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि माझ्या इंग्रजीचा मला फार तोरा होता. रविवार कारंजावरच्या दुकानांच्या पाट्या मी मोठ्याने वाचत चालायचे, म्हणजे आजूबाजूच्या बायांना कळावं. त्या बाईची आज आठवण आली की तिला दोन चापट्या माराव्यात असं वाटतं. एक इंग्रजीसाठी आणि एक आगाऊपणासाठी.

कॉम्प्युटर आमच्या घरात सुनेबरोबर आला. दोन हजारच्या आसपासची गोष्ट. ती लासलगावकडची, बाप कांद्याच्या बाजारात, आणि पोरगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. लग्नात भांडीकुंडी आली त्यांच्यात हे एक खोकंही आलं. आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, कडेने मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलांची कॅरेट बाजारात गेली की बायामाणसांना दुपारी थोडी उसंत. त्या उसंतीत सून खोलीत जाऊन त्या खोक्यापुढे बसायची. मी मनात म्हणायचे, शिकलेली सून म्हणजे हे असं. दोन महिने मी दारातून जाता-येता फक्त भांडी आपटली.

एकदा मेथी निवडायच्या निमित्ताने मी तिच्या मागे जाऊन बसले. हिची चूक काय ते डोळ्यांनी बघावं म्हणून. आणि बघतच राहिले.

रामशेजच्या किल्ल्यावर चढून खाली पाहिलं की शेतं कशी दिसतात, तसा तो पडदा होता. सगळं वरून, तिरकं. नदी वाहत होती. तिचा आवाज येत होता. गवतावरून ढगाची सावली सरकत गेली. सावली! ज्या माणसाने हे रंगवलं, त्याला ढग दाखवायचाही नव्हता, नुसती त्याची सावली सरकवून त्याने मला सांगितलं की वर आभाळ आहे. मी छताकडे बघितलं, खरंच.

त्या गवतात माणसं उभी होती, बोटभर उंचीची. आणि जमिनीवर चौकोन आखलेले.

"हे वाफे कशाचे गं?" मी विचारलं.

सून हसली. "वाफेच म्हणा. एक जण दोन-तीन वाफे चालतो, मग थांबतो. मग दुसऱ्याची पाळी. आपल्या सगळ्यांचं झालं की शत्रूची पाळी."

एवढं सांगितलं आणि मला सगळा खेळ समजला. कारण मी जन्मभर मळ्यात दारं धरलेली. एका वाफ्याला पाणी सोडायचं, तो भरला की दार बंद, पुढच्याचं उघडायचं. घाई केली की बांध फुटतो, उशीर केला की पुढचा वाफा सुकतो. लढाई अशीच असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं लढाई म्हणजे धावाधाव आणि आरडाओरडा. इथे तर लढाई म्हणजे बाई हनुवटीवर हात ठेवून बसली आहे आणि विचार करते आहे, की आत्ता कोणाचं दार उघडू.

मेथी तशीच राहिली. संध्याकाळी हे म्हणाले, "आज पिठलं का?" मी म्हणाले, "मेथीला कीड होती."

मग मी रोज जाऊन बसायला लागले. खेळात बोलणं सगळं इंग्रजीत, पडद्याच्या खाली लिहून यायचं. सून वाचायची आणि मराठीत सांगायची, आणि सांगता सांगता प्रत्येकाचा आवाज काढायची. आमच्या टोळीत एक गुरुजी होते, जे ऐन वेळेला मंत्र विसरायचे. एक चोरटी पोरगी होती, कुलपं उघडायची पण आतलं काही घ्यायची नाही. "मला फक्त आत काय आहे ते बघायचं असतं," म्हणायची. हे वाक्य मी तेव्हापासून शेजारणीच्या घरात शिरताना वापरते. एक शिंगं असलेला अवाढव्य गडी होता, ढाल घेतलेला, जो एका शब्दाच्या पुढे बोलायचा नाही. त्याला मी भाऊजी म्हणायचे. आमचे धाकटे भाऊजी असेच ताटावरून हूं का चूं न करता उठतात.

आणि ती म्हातारी. औषधपाल्याची. तिचा मुलगा लहानपणी सैन्याने उचलून नेला होता आणि तो शेवटच्या किल्ल्यावर आहे असं तिला कळलं होतं, म्हणून ती या टोळीबरोबर निघाली होती. लढाईत ती जखमी माणसाला हात लावून बरं करायची आणि करताना त्याला रागवायची. मुक्कामाला बसली की गुडघ्यांबद्दल बोलायची. दूर कुठल्या देशात कोणीतरी तरणाताठा पोरगा खुर्चीत बसला असेल आणि त्याने लिहिलं असेल की ओलाव्याने हिचे गुडघे धरतात. त्याला कसं माहीत? कोणाच्या गुडघ्यांकडे त्याने असं लक्ष देऊन बघितलं असेल? मला त्या न पाहिलेल्या पोराचा अचंबा वाटायचा.

सुनेचा सगळा जीव त्या म्हातारीत. तिने हा खेळ माहेरी एकदा मांडला होता. तेव्हा म्हातारी अर्ध्या वाटेवर दलदलीत मेली. या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. सुनेने तिथेच खेळ सोडला होता.

"या वेळेला तिला पोराच्या दारात नेऊन उभी करायची, अहो आई," ती म्हणायची. "मला फक्त तेवढं बघायचंय. ती त्याला काय म्हणते ते."

म्हणून आम्ही दोघी म्हातारीला नेहमी भाऊजींच्या मागच्या वाफ्यात उभी करायचो. ढालीच्या आडोशाला. दलदल पार झाली त्या दिवशी आम्ही शिरा केला. सून खेळ जपून ठेवायची ती जागा एकच होती. मी विचारलं, दोन ठेव की गं. तर म्हणाली, "दोन ठेवल्या की माणूस भेकड होतो." मला हे इतकं आवडलं की मी ते भजनी मंडळात माझं म्हणून सांगितलं.

भावाच्या साखरपुड्याला सून माहेरी गेली. जाताना मला माउस धरायला शिकवून गेली. "गावात फिरा, लोकांशी बोला. पण वेशीच्या बाहेर जाऊ नका. तिथे लढाई लागते."

"मी कशाला जाते," मी म्हणाले.

दुसऱ्याच दुपारी मी वेशीबाहेर होते. मला फक्त बाहेर काय आहे ते बघायचं होतं.

बाहेर टेकडी होती आणि टेकडीवर तिरंदाज. खरं तर मी बरी लढत होते. पण भाऊजी पुढे जाऊन घायाळ झाले आणि माझ्यातली आई जागी झाली. मी म्हातारीला आडोशातून काढलं आणि उघड्यावर त्यांच्याजवळ नेलं. तिने त्यांना बरं केलं. रागवलीसुद्धा. मग शत्रूची पाळी आली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सून परत आली तेव्हा मी तिला दारातच पाणी दिलं, दाट दुधाचा चहा केला, भजी तळली. तिने भज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"हो गं."

"कोण?"

"म्हातारी."

ती मटकन खाली बसली. "आत्याबाई? कधी? मला फोन नाय का करायचा! आणि तुम्ही भजी काय तळताय, सुतक असेल ना?"

"अगं, माझ्या सासूबाई कशाला जातात! त्या आपल्याला पोचवून जाणार. आपली म्हातारी. आतली." मी खोलीकडे बोट केलं.

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती उठून आत गेली आणि यंत्र चालू केलं. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. बाण, सेव्ह, ओव्हरराइट, आजीबाई उठा. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. उरलेली लढाई मी कशीबशी संपवली होती; टोळी तळावर बसलेली होती, म्हातारीची जागा रिकामी. ती रिकामी जागा ती बघत बसली. मग यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "भजी गार होतायत तुमची."

चार दिवस ती त्या खोलीत गेली नाही. काम सगळं वेळच्या वेळी, बोलणं मोजकं. हे म्हणाले, "काय, भांडलात वाटतं? सासू-सुना ताळ्यावर आल्या म्हणून वस्तीवरच्या लोकांच्या जिवात जीव आला." मी मात्र झेंडू तोडताना मनात वाक्यं जुळवत होते. माफी मागायची होती, पण सासूने सुनेची माफी कशी मागायची हे आमच्याकडे कोणी करून दाखवलेलं नव्हतं. शेवटी मी दुपारी एकटीच आत गेले आणि खुर्चीत बसून ओरडले, "आता हे कसं चालू करायचं गं? मी काहीतरी दाबते हं!"

ती धावत आली. "हात लावू नका!"

ती बसली. पडद्याकडे बघत म्हणाली, "सोडून देणार होते मी. मागच्यासारखं. पण हे बाकीचे काय करतील इथे बसून?"

"तेच म्हणते मी," मी म्हणाले. वास्तविक मी तसं काहीच म्हणत नव्हते.

आम्ही पुढे निघालो. आता दुखापत झाली की बरं करणारं कोणी नव्हतं, म्हणून सून एकेका पाळीला इतका विचार करायची की मधेच लाइट जायची. भाऊजींच्या मागचा वाफा ती रिकामाच ठेवायची. मी एकदा म्हटलं, गुरुजींना उभं कर की तिथे. तिने गुरुजींना आणखी दोन वाफे लांब नेऊन ठेवलं.

किल्ला आला. आम्ही जिंकलो, पण त्याचं कौतुक दोघींनाही नव्हतं. दरवाजा उघडला आणि तो बाहेर आला, तिचा मुलगा. चांगला दाढीवाला बाप्या. खाली ओळ उमटली. सून म्हणाली, "विचारतोय, तुमच्यात कोणी म्हातारी बाई होती असं ऐकलं."

आता काय सांगणार याला? कोण सांगणार? आणि मग शिंगवाला गडी टोळीतून दोन वाफे पुढे आला. आम्ही त्याला हलवलं नव्हतं. माउस टेबलावर नुसता पडून होता.

खाली ओळी येऊ लागल्या. एक, दुसरी, आणखी. सुनेचे ओठ हलत होते, पण ती सांगेना.

"काय म्हणतो गं?"

"थांबा ना."

"अगं पण..."

ती हळूहळू सांगू लागली. आवाज काढला नाही, स्वतःच्याच आवाजात. "म्हणतो, तुझी आई माझ्या मागे उभी राहायची. मी कधी वळून बघितलं नाही, कारण ती आहे हे मला ठाऊक असायचं. त्या टेकडीपासून मी सारखा वळून बघतो." मग पुढची ओळ वाचून, "म्हणतो, ती मला रागवायची ते तुलाच रागवत होती. ते तुझं तुला द्यायला आलोय."

माझ्या अंगावर काटा आला. तो बोलला म्हणून तर आलाच, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीने. तिला कोणाच्या मागे उभी करायची हे आम्ही दोघींनी ठरवलं होतं, मखमलाबादच्या अंगाला, एका खोलीत, मेथी निवडताना. त्याला कसं कळलं? सून म्हणाली की खेळ ते सगळं लक्षात ठेवत असणार. चोरट्या पोरीच्या मागे उभी केली असती तर ती बोलली असती. म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्येकासाठी बोलणं लिहून ठेवलं होतं. गुरुजींसाठीसुद्धा. म्हातारी पोचली तर काय ते लिहिलं होतं, आणि पोचली नाही तर कोणी कसं सांगायचं तेही. जगात कुठेतरी एक बाई चुकेल, तिची म्हातारी वाटेत मरेल, तर तिला दाराशी आल्यावर नुसतं रिकाम्या हाताने उभं राहायला लागू नये, एवढा विचार कोणीतरी आधी बसून केला होता. मी देवळात पुष्कळ वेळा हात जोडले आहेत. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या जोडले गेले.

पडद्यावर मुलाने त्या गड्याला आत बोलावलं. दरवाजा उघडा होता आणि त्यांच्या मागे गवतावरून सावली सरकत होती. मी पदराने डोळे पुसले. सुनेने माझाच पदर ओढून नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही मारलीत तिला, नायतर हा मुका कधी बोललाच नसता. पण अहो आई, उद्या मी पहिल्यापासून चालू करणार, आणि तुम्ही त्या माउसपासून चांगलं हातभर लांब बसायचं."