अर्धेलीची शेळी

"माल आपला नव्हे हो, आपण नुसतं गुदाम," असं म्हणून मालबाबू टोपी काढायचे आणि कपाळ पुसायचे. कर्जत स्टेशनच्या मालगुदामात ते कारकून होते, त्यामुळे देवाचा कारभारही त्यांना त्याच धर्तीचा वाटायचा. आलेला माल पुढे पाठवायचा, साठवला तर कुजतो.

मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. दहिवलीत आमच्या शेजारी भाड्याने राहत. आळीतले लोक त्यांना पाद्री म्हणत आणि ते दर वेळी गंभीरपणे खुलासा करत, "पाद्री नव्हे, मालबाबू." तुमच्याही आळीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याचा खुलासा कुणी मनावर घेत नाही.

आमच्याकडे मोळी आणणारा हिरू ठाकर एका सकाळी ओट्याशी येऊन नुसताच बसला. सून बाळंतपणात गेली होती. नात जगली होती, पण तिला पाजायला डोंगरावरच्या त्यांच्या वाडीत दुभतं जनावर नव्हतं. मालबाबूंनी कुंपणापलीकडून हे ऐकलं. त्यांच्या घरी एकच शेळी होती. दुपारी तांब्याभर दूध घेऊन ते वाडीवर निघाले, मीही बरोबर गेलो.

काही द्यायचं तर आधी प्रार्थना करायची, ही त्यांची सवय. झोपडीच्या दारात तांब्या दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून ते काही पुटपुटले. डोळे उघडतात तो हिरू पोर घेऊन आत सरकलेला.

"दूध मंतरलंय तुमी. आमच्या पोरीला नगं."

"अरे, देवाचं नाव घेतलं रे!"

"कंच्या देवाचं?"

याला उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर हिरूने दारच लावलं असतं. आत पोर रडत होतं आणि आम्ही भरला तांब्या घेऊन डोंगर उतरत होतो. "घरीच प्रार्थना करून निघालो असतो तर काय बिघडलं असतं?" मालबाबू स्वतःवरच चिडले होते. "चारचौघांत डोळे मिटायची हौस, दुसरं काय!" मला त्यांचं हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं.

घरी पोचताच त्यांनी शेळीच सोडली. बायको म्हणाली, "आणि आपला चहा?"

"कोरा."

ती हसली आणि दावं तिनेच त्यांच्या हातात दिलं.

या खेपेला झोपडीच्या दारात त्यांनी हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत. "हिरू, शेळी अर्धेलीने सांभाळतोस का? मला वेळ होत नाही. दूध तुझं. करडं झाली की निम्मी माझी."

तांब्याभर दुधाला घाबरलेला हिरू व्यवहाराचं नाव निघताच सरसावून बसला. त्याने शेळीचे दात पाहिले, कास पाहिली. "पयलं करडू माजं. चारा कोन घालनार?" मालबाबूंनीही चांगली घासाघीस केली. चटकन कबूल झाले असते तर हिरूला पुन्हा संशय आला असता. शेवटी ठरलं, शेळी पिळली गेली आणि पोरगी कापसाच्या बोळ्याने चुटूचुटू दूध पिऊ लागली. आमचा जीव भांड्यात पडला. मालबाबू झोपडीकडे पाठ करून उगाच डोंगराकडे बघत उभे राहिले.

पुढे वेत झालं की हिरू इमानाने वाटा आणून देई आणि मालबाबू तो घेत. नको म्हटलं असतं तर त्याचं दान झालं असतं. आणि काही दिवसांत ते करडू दुसऱ्या कुठल्या तरी वाडीत अर्धेलीने जाई. मी त्यांना शेळ्यांचे सावकार म्हणायचो.

पेन्शन झाल्यावर ते नगरला गेले. वाडीवर त्यांनी कुणाला कळवलं नाही. "आभारबिभार मानले असते रे," गाडीत चढताना ते म्हणाले, आणि सुटल्यासारखे हसले.

काही महिन्यांनी हिरू आला. बरोबर नात होती, चांगली तुरतुरीत झालेली, खांद्यावर करडू घेतलेली.

"पाद्रीबाबा कुठं हायत? वाटा आनलाय त्यांचा."

"ते नगरला गेले, हिरू. आता यायचे नाहीत."

हिरू ओट्याशी टेकला. करडू ठेवून घे, असं मी म्हणणार होतो.

"खालच्या वाडीत एक बाई हाय," तो सावकाश म्हणाला. "तिला दूध नाय. या करडाला कवा दूध येनार? हे माज्याकडं ठेवतो नि माजी दुभती शेळी तिला अर्धेलीनं देतो. पाद्रीबाबांची म्हनून सांगीन. आमचं नाव कशाला?"

नातीने त्याचा हात ओढला.

"आजा, ऊठ ना रं. पोर रडत आसंल."