किल्ली देण्याआधीचा कागद

बाळांनो, तुम्ही तिकडे दुकानासाठी जागा भाड्याने घेताय, म्हणून हे आत्ताच लिहिते.

धुळ्यात तुमच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, चष्म्याचं दुकान भाड्याच्या गाळ्यात होतं. एकदा म्हातारे घरमालक नाना म्हणाले, "छत बदलायचंय, दोन महिने गाळा रिकामा करून किल्ली द्या." आजोबा लगेच द्यायला निघाले. मी मात्र काम झाल्यावर गाळा आम्हालाच परत देण्याचं लिहून मागितलं.

"सूनबाई, इंग्रजी शाळेत विश्वास शिकवत नाहीत का?" नाना म्हणाले. त्यांनी सही केली, पण चहा न घेताच उठले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत.

काम संपण्याआधीच नाना वारले. त्यांच्या मुलांना गाळा विकायचा होता. आमच्या वकिलाने त्यांना तो कागद दाखवला, तेव्हा किल्ली परत मिळाली.

दुकान अजून चालू आहे.