शेवटचे आठ आकडे

वेनेताचा डिकोडर रुसे शहरातल्या निम्म्या घरांत होता, पण वेनेता कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या की चित्र फाटायचं. ते नीट दाखवणारा प्रोग्रॅमचा हा एवढासा तुकडा तिनं दोन हिवाळे खपून लिहिला आणि फुकट वाटला. कारखाना बंद पडून स्वतः बेकार बसलेली, तरी वाटला!

सोफियातल्या एका कंपनीला असं काम जाणणारा माणूस हवा होता. प्लामेन म्हणाला, "कुमा, तू तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसशील. मी दाखवून येतो. नाव तुझंच सांगेन." त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी वेनेतानंच हातांवर धरलं होतं, म्हणून ती त्याची कुमा. सख्ख्या बहिणीहून जवळचं नातं. तिनं सगळा कोड त्याच्या हवाली केला.

तीन महिन्यांनी त्या कंपनीची सीडी गावात आली. वेनेतानं ती घरच्या संगणकावर चढवली आणि तिचा डिकोडर यादीतून नाहीसा झाला. त्या जागी नवं नाव होतं, आणि कर्ता म्हणून प्लामेन.

विंडोजमध्ये असा प्रत्येक तुकडा एका लांबलचक क्रमांकानं नोंदवतात. नाव काहीही ठेवा, यंत्र क्रमांकच बघतं. त्याच क्रमांकावर दुसरा आला की पहिल्याची नोंद पुसली जाते. हा क्रमांक खरं तर यंत्राकडूनच पाडून घ्यायचा असतो. वेनेतानं मात्र शेवटचे आठ आकडे हातानं घातले होते. गाढवानं फक्त नाव बदललं होतं. केसानं गळा कापला, तोही घाईघाईत.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. त्याची बायको देसिस्लावा चीज भरलेली गरम बानित्सा कापत होती.

"अगं कुमा, असले डिकोडर पैशाला पासरी," प्लामेन म्हणाला. "माझा मी नव्यानं लिहिलाय. देवाशप्पथ!"

"मग तुझ्या क्रमांकाचे शेवटचे आठ आकडे वाच."

त्यानं कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावर बघून वाचले. "एक चार, शून्य पाच, एक नऊ नऊ नऊ. बरं, मग? यंत्रानं पाडलेत."

देसिस्लावाची सुरी थांबली. "चौदा मे नव्व्याण्णव," ती म्हणाली. "प्लामेन, आपली कालिना त्या दिवशी जन्मली रे."

चोरी वेनेतानं एक वेळ गिळली असती. पण आकडे वाचताना त्याला काहीच आठवलं नाही, याचं तिला रडू आलं. बानित्साला हात न लावता तिनं कोट चढवला. दारापर्यंत पोचवायला देसिस्लावा आली. प्लामेन अजून पडद्याकडेच बघत होता.