वासाच्या खोलीत सरकी कोणी फोडली?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. आता माझ्यावरच वेळ आली, म्हणून चरफडत लिहितो आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं!

मी अमरावतीचा. भिक्षुकाचा मुलगा, जरा इंग्रजी शिकलेला. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. तेव्हा एका इंग्रज कोठीने बाजाराशेजारी कापूस तपासायची लॅबोरेटरी काढली. मी तिथे साहेबाचा मदतनीस. गावातले लोक तिला ‘वासाची खोली’ म्हणत, आणि खोटं नव्हतं ते! गंधकाच्या तेजाबाने घसा खरवडून निघायचा. हाडांचा कोळसा भाजला की मसणवट्यात बसल्यासारखं वाटायचं. दिवसभर भात्याची फुसफुस, तांब्याच्या भांड्यातलं गदगद उकळणं... मध्येच एखादी काचेची नळी तडकली की साहेब माझ्यावर खेकसायचा. जसं काय ती मीच चावली!

काम सोपं. आलेला सरकीसकट कापूस ताबडतोब तोलायचा, गरम पेटीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जितकं वजन घटलं तितकं त्यात पाणी. भाव चढल्यापासून व्यापारी वजन वाढवायला कापसावर पाणी मारत, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

मारोतराव हे कोठीचे जुने पारखी. हिवरखेडचे कुणबी, साठी उलटलेले. ते कापूस हुंगायचे आणि एक सरकी दाताखाली धरायचे. ‘कट्ट’ वाजली तर माल कोरडा, दबकन चेपली तर ओला. साहेब त्यांना हसायचा, पण त्यांची पारख आणि माझा तराजू कधी वेगळं बोलले नव्हते.

त्या दिवशी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाड्या भर दुपारी आल्या. मारोतराव टोपलीभर नमुना घेऊन आत आले.

“पंत, ओला हाय. आतून कुबट वास येऊन राह्यला. लवकर तोला.”

पण माझी जेवायची वेळ झालेली. हाडं भाजणाऱ्या खोलीतून येणारा मुलगा, म्हणून आईने नियमच घातला होता — आधी विहिरीवर आंघोळ, मग सोवळं, मगच पान. त्यात दोन तास सहज जायचे. म्हटलं, कापूस काय पळून जातो? टोपली भट्टीशेजारी ठेवली आणि घर गाठलं. परत आल्यावर तोललं, वाळवलं, पुन्हा तोललं. घट नावालाच. रिपोर्ट लिहिला — माल कोरडा.

झालं! व्यापाऱ्याने आकाशपाताळ एक केलं. “म्हाताऱ्याने लाच मागितली, मी दिली नाही, म्हणून माझा माल ओला ठरवतो!” म्हणाला. साहेबाने कागद पाहिला आणि भर बाजारात मारोतरावांना मुंडासं उतरवायला लावलं. चोर म्हणाला त्यांना! मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस लाच मागणारा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी रिपोर्टाची घडी घालत राहिलो.

ते त्याच दिवशी गावी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मी जेवून आलो. लख्ख ऊन, खोलीत मी एकटा, भाता बंद. आणि माझ्या पाठीमागे आवाज — कट्ट. वळलो तर कोणी नाही. पुन्हा कट्ट. मग तेजाबाच्या आणि कोळशाच्या वरताण असा ओल्या कापसाचा कुबट वास आला. उंदीर असेल म्हणून सगळं उलथंपालथं केलं. वास येत होता भट्टीजवळच्या टोपलीतून. हात घातला तर कापूस खडखडीत कोरडा! आणि वरची एक सरकी दाताखाली फोडलेली... थुंकीने ओली.

 हा आजचा नवा नमुना मी जेवायला जाताना ठेवला तेव्हा हाताला चांगला ओलसर लागला होता. भट्टीने तो तोलण्याआधीच वाळवून टाकला. म्हणजे त्या दिवशीही हेच झालं होतं!

तेवढ्यात साहेब आला, नाकाला रुमाल लावून. वास त्यालाही आला.

“मोरी धुऊन घे!” म्हणाला.

मी माझी चूक सांगितली. म्हणाला, “माल मुंबईला गेला. रिपोर्ट बदलणार नाही.” वर मलाच म्हणतो, उगाच तोंड उघडू नकोस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! असलं कसलं हे शास्त्र, ज्यात चूक चालते आणि कबुली चालत नाही? त्याच्या मेजावर किल्ल्या आपटल्या आणि अकोल्यावरून बैलगाडीने हिवरखेड गाठलं.

मारोतराव चुलीशी बसले होते. तव्यावर भाकर जळून कोळसा झालेली, घरभर धूर, आणि हे शांत. त्यांची बायको बाहेरून धावत आली.

“यायले वासच येत नाई, पंत. बाजारातून आले तवापासून. सरकीबी चावून पाह्यली. म्हन्ते, वाजली का चेपली तेच समजत नाई.”

मी त्यांच्यासमोर खालीच बसलो. “मारोतराव, तुम्ही त्यानंतर पुन्हा अमरावतीला आला होता?”

“त्या गावात पायबी नाई ठेवला.”

मी त्यांचे पाय धरले. जेवायला गेलो, टोपली भट्टीशी ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मले कावून सांगता? ओला हाय हे मले ठाऊकच होतं. बाजारात मले चोर म्हनलं, तवा तुमी कुठी होते पंत?”

मी तसाच उठून आलो.

त्यांचं गेलेलं नाक अजून परत आलेलं नाही. सरकी कोणी फोडली, तो वास कुठून आला, याचा उलगडा मला झालेला नाही. पण मारोतरावांच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. त्यांच्या तोंडावर देता आलं नाही, म्हणून इथे छापायला देतो. मी तिथेच होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो, आणि गप्प होतो.