मिरचीचं पोतं आणि मायचं संग्रहालय

शहाद्याहून सुटलेली एसटी प्रकाशा गावाजवळच्या पुलावर आली, तेव्हा मायनं तापीला हात जोडले आणि मी मोबाइलमधली आमच्या सहलीची योजना पुन्हा एकदा वाचली. पहिला दिवस बाजार आणि खाणं. रात्री मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी संग्रहालय आणि परत. नंदुरबार आमच्यापासून काही फार लांब नाही. पण नुसतं बघायला म्हणून आमच्या घरातलं कोणी तिथं गेलेलं नव्हतं. दवाखाना, लग्नाचा बस्ता किंवा कोर्टाची तारीख असेल तरच आम्ही जायचो.

ही सहल मी ठरवली त्याला कारण होतं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे वडोदऱ्याला जाऊन संग्रहालयांचं शिक्षण घ्यायची माझी इच्छा आहे. जुन्या वस्तू कशा जपायच्या, लोकांपुढे कशा मांडायच्या, हे तिथं शिकवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे घरी कसं समजवावं ते मला कळत नव्हतं. वडील एवढंच म्हणाले, "तुन्ही माय हो म्हनी तर मन्ही ना नही." (तुझी आई हो म्हणाली तर माझी ना नाही.) माय मात्र हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. परक्या शहरात पोरगी एकटी कशी राहील, याचा तिला घोर होता. मला वाटलं, आधी तिला एक संग्रहालय दाखवावं. शिवाय शहरात मी नीट वावरू शकते, हेही तिला दिसेल.

पण निघतानाच योजना बिघडली. शेजारच्या कमलकाकूंनी फाटकातून विचारलं, "काय व, कोठे निघनात मायलेकी?"

माय पटकन म्हणाली, "नंदुरबारले. मिरची लेवाले."

"मंग मन्हीबी लई ये. मागला सालनी मिरचीनी रंगच नही दिना."

काकूंचं ऐकून आणखी दोन घरांनी आपापली मिरची सांगितली. आमच्याकडे शहरात जाणाऱ्यानं गल्लीची कामं घेऊन जायची असतात, नाही म्हणायची पद्धत नाही. गल्ली ओलांडल्यावर मी मायला म्हटलं, "मिरची कसाले सांगं तू?"

"मंग काय सांगू? फिराले जाई ऱ्हायनूत असं सांगू? लोके हासतीन."

नंदुरबार जवळ आलं की आधी वास येतो. मग रस्त्याच्या कडेला पथाऱ्या दिसू लागतात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल, त्यात तोंडाला फडकी बांधलेल्या बाया ओळीनं बसून देठ खुडत होत्या. एसटीतले सगळे ठसकायला लागले. एक आजोबा शिंकता शिंकता म्हणाले, "उनं नंदुरबार!" (आलं नंदुरबार!) सगळी गाडी हसली.

माझ्या योजनेत आधी शहरातली जुनी बाजारपेठ होती. मायनं स्टँडवर उतरल्या उतरल्या मिरचीचं दुकान विचारलं. मी मुकाट्यानं मागे गेले. पण खरं सांगायचं तर त्या दुकानात मला फार मजा वाटली. रंगाची मिरची वेगळी, झणक्याची वेगळी, ठेच्याची आणखी वेगळी. माय एकेक मिरची मोडायची, बी बघायची, नाकाशी न्यायची. दुकानदार म्हणाला, "मावशी, सासू सून निवडस अशी मिरची निवडी ऱ्हायनात तुम्ही."

"सून घर सोडी जास रे भाऊ," माय म्हणाली, "मिरची वरीसभर ताटमा ऱ्हास."

कमलकाकूंची वेगळी, बाकी दोघींची वेगळी, आमची वेगळी, अशा पिशव्या बांधून सगळ्या एका पोत्यात घातल्या. तिथून पुढे ते पोतं आमच्या सहलीतलं तिसरं माणूस झालं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी मनात योजलेली कपड्यांची दुकानं, गुजरातहून येणाऱ्या मालाची गल्ली, गरम फाफडा तळणारी गाडी, हे सगळं आम्ही पोतं मध्ये धरून पाहिलं. पण माय खूश होती. फाफडा तिला आवडला, सोबतची तळलेली हिरवी मिरची मात्र तिनं "पोरंसोरंनी" ठरवली.

दुपारी मी तिला शेवभाजीसाठी हॉटेलात नेलं. तिखट तर्रीत जाड शेव घातलेली ही आमची खानदेशी भाजी. घरी ती होतेच, पण हॉटेलात बसून कोणीतरी वाढलेली मायनं खावी, असं मला वाटत होतं. भाजी आली तशी मायनं पिशवीतून दशम्या काढल्या. (दशमी म्हणजे दुधात मळलेली पोळी, प्रवासात टिकते.) वाढपी लगेच आला. "मावशी, बाहेरनं खानं आठे चालस नही." (आठे म्हणजे इथं.)

"बाहेरनं नही रे भाऊ, घरनं शे."

तो हसत निघून गेला. मायनं तर्रीत दशमी बुडवून खाल्ली. "तर्री चांगली शे," ती म्हणाली, "पन मसाला जरा जळेल शे." तरी तिनं वाटी पुसून संपवली.

रात्री मावशीकडे आमच्या येण्याचं कारण कळलं तेव्हा मावशीची हसून हसून पुरेवाट झाली. "फिराले? नंदुरबारमा? व माय! आम्ही आठेच ऱ्हातस, आम्ही तर कधी फिरनूत नही." माय ओशाळली. मावशी भांडी घासायला उठली, तेव्हा माय मला हळूच म्हणाली, "उद्या सकाळीच गावले निघूत का?" मी म्हटलं, संग्रहालय पाहून निघू. तेच राहिलं तर सगळा खटाटोप वाया जाणार होता.

सकाळी आम्ही पोत्यासह संग्रहालयात पोहोचलो. एका संस्थेनं चालवलेली दोन-तीन खोल्यांची साधी इमारत आहे. सातपुड्यातल्या आदिवासींच्या वस्तू तिथं ठेवल्या आहेत. दारातल्या पहारेकऱ्यानं पोतं पाहिलं आणि त्याला शिंक आली. मग आणखी दोन.

"मावशी, हाई पोतं आतमा चालाव नही."

"मंग आठे दारमा ठेवस."

"ठेवा. पन मी त्याना जबाबदार नही."

मायचा चेहरा बदलला. "लोकेसनी मिरची शे. सोडीसन कशी जाऊ?" आणि माझ्याकडे वळून, "तू जाय. मी बठस."

मी काय करावं ते मला सुचेना. मी एकटी आत जाण्यात काय अर्थ होता? शेवटी पोत्यावर मीच बसले. "नही माय, तू जाय. देखी ये."

"एकली?"

"मी आठेच शे."

ती चपला काढून उंबऱ्यात थांबली. पदर सारखा केला आणि आत गेली.

मी पायरीवर पोत्याशी बसून राहिले. येणारे-जाणारे मला मिरचीवाली समजले. एक बाई थांबून म्हणाली, "काय भाव शे व ताई?" विकायची नाही म्हटलं, तर तिनं पोत्यात हात घालून एक मिरची मोडली, हुंगली आणि म्हणाली, "चांगली शे. मंग आठे काबर बठनी?" मी दाराकडे बोट दाखवलं.

माय लगेच बाहेर येईल असा माझा अंदाज होता. ती येईना. मध्येच आतून तिचा आवाज यायचा, पहारेकऱ्याला काहीतरी विचारत होती. मग पुन्हा शांत. मला काळजी वाटू लागली. अंधाऱ्या खोलीत ती घाबरली तर नसेल? मी उठून दारापर्यंत गेले आणि पोत्यासाठी परत आले.

ती आली तेव्हा मागोमाग पहारेकरीही आला, दाराला कडी घालत. "आते जेवननी सुट्टी. दुपारनंतर या." दुपारपर्यंत थांबलो असतो तर शहाद्याहून गावाकडची गाडी चुकली असती. म्हणजे ज्यासाठी मी एवढं केलं, ते संग्रहालय मी आतून पाहिलंच नाही.

एसटीत जागा मिळाली. पोतं पायाशी ठेवून माय खिडकीशी बसली. मग आपणहून बोलू लागली. होळीत नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप तिनं पाहिले होते. कमरेला बांधायचे वाळलेले भोपळे पाहिले होते. बांबूची एक टोपली तिच्या फार मनात भरली होती.

"इतली बारीक विण शे व, पानी बी गळाव नही. मी त्या भाऊले इचारं, कोननी बनाडी? त्याले माहीत नही. खाले चिठ्ठी शे, तिनावर नुसतं 'टोपली' लिखेल शे. टोपली शे हाई तर मालेबी दिसस. बनाडनारीनं नाव कोठे शे?"

मी म्हटलं, पूर्वी कोणी लिहून ठेवलं नसेल.

"तू तठे शिकशी, ते हाईच का? इचारानं नि लिखानं?"

"हां माय. हाईबी."

पूल आला, गेला. मग ती म्हणाली, "एकलं देखाले बरं वाटस व. कोनी घाई करत नही."

संध्याकाळी ओट्यावर मिरचीच्या पिशव्या ज्यांच्या त्यांना दिल्या. कमलकाकूंनी रंग पाहून मान डोलावली. सगळे गेल्यावर वडिलांनी विचारलं, "मंग? काय ठरनं?" मायच्या तोंडून होकाराचा एकही शब्द मी काढून घेतलेला नव्हता आणि माझ्या बाजूचे सगळे मुद्दे त्या क्षणी डोक्यातून निघून गेले होते.

माय पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या तिले. पन पहिले मी जासू तिनासंगे. ती तिनं कॉलेज देखी. मी तठलं संग्रहालय देखसू. एकली."

"एवढा मोठा शहरमा एकली?" वडील म्हणाले. "नि चुकनी तर?"

"तर इचारसू."

आता मी वडोदऱ्याची योजना करते आहे. स्टेशनवरून कसं जायचं, कुठं उतरायचं, काय खायचं, हे विचारून विचारून भरते आहे. मायला धीर द्यावा म्हणून मी ही पहिली सहल काढली होती. परक्या शहरात जायचा धीर मला तरी आहे का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं, ते आता विचारते. मुक्कामाचा मधला दिवस मात्र मी कोरा सोडला आहे. तो मायचा आहे, आणि त्या दिवशी कुठं कुठं जायचं हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.