मधली तीस मिनिटं

गिऱ्हाईक आत आलं की काका आधी त्याचे पाय बघायचे. बूट आहेत की चपला, टाच झिजली आहे का, माणूस दारापासून खुर्चीपर्यंत कसा चालत येतो. मग विचारायचे, "गुडघे कसे आहेत?" लोक चमकायचे. तिकीट काढायला आलेल्या माणसाला कुणी गुडघ्यांबद्दल विचारत नाही.

काका विमानाची तिकिटं जोडून देत. इथपर्यंत एका कंपनीचं विमान, इथून पुढे दुसरीचं. अशी दोन सुटी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात. पण मग मधल्या विमानतळावर बाहेर यावं लागतं. सामान पट्ट्यावरून उचलायचं, दुसऱ्या काउंटरवर पुन्हा द्यायचं. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

"दोन तिकिटं म्हणजे दोन अनोळखी माणसं," काका गिऱ्हाइकांना सांगत. "एकाला उशीर झाला म्हणून दुसरा कशाला थांबेल? त्यांची ओळखच नाही."

म्हणून त्यांचा नियम होता. सुटी तिकिटं असतील तर मध्ये पाच तास. गुडघे दुखत असतील तर सहा. लहान मूल असेल तर साडेसहा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर ते सरळ उठून खिडकी उघडत आणि म्हणत, "समोरच्या इमारतीत अजून एक ऑफिस आहे. तिथे दोन तासांत जोडून देतात." एकतीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही माणूस मध्ये अडकलं नव्हतं. ऑफिसात आणि विमानतळावरच्या काउंटरवरही सगळे त्यांना शिंपी म्हणत. त्यांनी जोडलेल्या प्रवासाची शिवण दिसत नसे.

मी शेजारच्या टेबलावर व्हिसाचे फॉर्म भरायचे. साहित्यात एम.ए. करून मी तिथे येऊन पडले होते आणि काकांना त्याची फार गंमत वाटायची.

"काय कवयित्री, आज कुणाच्या जन्मतारखेशी यमक जुळवलं?"

"मी कविता करत नाही, काका."

"नकोच करू. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही."

ते साठीला आलेले, मी सव्वीसची. तरी आमची मैत्री होती. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. ते मला प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे, मी त्यांना वाचलेल्या पुस्तकांच्या. गोष्ट संपली की ते एकच विचारायचे, "मग शेवटी भेटले का ते?" नाही म्हटलं की त्यांचा घास थांबायचा.

त्यांची मुलगी सहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. तिची आई ती कॉलेजात असताना गेली. पुढे तिने स्वतः ठरवून लग्न केलं. काकांना मुलगा पसंत नव्हता. का, ते त्यांना मला नीट सांगता आलं नाही. लग्न दुसऱ्या देशात होतं, ती तिथेच राहत होती. काकांनी स्वतःचं तिकीट काढलं आणि ते गेले नाहीत.

"मला वाटलं, ती एकदा तरी आग्रह करेल," ते म्हणाले होते. "बाबा, याच, असं. तिने फक्त पत्ता पाठवला."

एका सकाळी तिच्या मावशीचा फोन आला. मावशींचा आवाज असा की फोन काकांच्या कानाला असला तरी शब्द माझ्या टेबलावर पडायचे.

"भावोजी, पोरीला नवऱ्याकडे जायचंय. वर्षभर तो तिकडे, तिसऱ्याच देशात कामावर आहे ना. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिथे पोचायलाच हवं तिला. तिकीट तुम्ही काढा. पण तुम्ही काढलंत हे सांगणार नाही मी. नाही तर घ्यायची नाही ती."

"मी कुठे सांगतोय. बोलते कुठे ती माझ्याशी?"

"तुम्ही तरी कुठे बोलता?"

काका हसले. फोन ठेवला. गुरुवारीच का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना विचारा म्हटलं नाही.

अर्ध्या तासाने त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर एक तिकीट होतं. एकाच कंपनीचं, सरळ शेवटपर्यंत. मध्ये आमच्याच शहरात दोन तासांचा थांबा.

"बघ," ते म्हणाले. "इथे उतरणार ती. आतल्या आत दुसऱ्या विमानात बसणार. सामानही परस्पर जाणार. मी काचेच्या या बाजूला, ती त्या बाजूला. बाहेर यायचं तिला कारणच नाही."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हेच जर दोन तिकिटांवर केलं," ते हळू म्हणाले, "तर यावं लागेल."

पहिलं विमान तेच. पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दुपारी दोन दहाचं. मध्ये दोन तास पन्नास मिनिटं.

"आणि पाच तासांचा नियम?"

"ती भराभर चालते गं. शाळेत सोडायला जायचो तेव्हा मला तिच्यामागे पळावं लागायचं."

इथे मला एक कबूल करायचं आहे. मला ते सुंदर वाटलं. बापाने मुलीचा प्रवास मधोमध उसवायचा, तिला अर्धा तास बघता यावं म्हणून. मी अशा गोष्टी शिकून आले होते. मला त्या वेळी ती मुलगी दिसलीच नाही. फक्त गोष्ट दिसली.

"बटण तू दाब," काका म्हणाले. "तुझ्या हातून होऊ दे."

मी दाबलं.

गुरुवारी त्यांनी मला विमानतळावर बरोबर नेलं. "एकट्याला बोलता यायचं नाही मला. तू मध्ये मध्ये काहीतरी बोल." त्यांनी नवा शर्ट घातला होता. घडीच्या रेषा तशाच होत्या. खिशातून त्यांनी एक कागद काढून मला दाखवला. विमान अकरा वीसला टेकणार, दुसऱ्या कंपनीचं काउंटर एक दहाला बंद होणार. मधल्या एकशे दहा मिनिटांची वाटणी त्यांनी पेन्सिलीने केली होती. उतरणे पंधरा. पासपोर्टवर शिक्का तीस. सामान पंचवीस. चहा तीस. काउंटर दहा.

"चहा?" मी विचारलं.

"मग काय लिहू?" ते म्हणाले.

अकरा वाजता पाटीवर उशीर लागला. आधी वीस मिनिटं. मग चाळीस. काका पाटीखाली उभे होते. त्यांनी कागदावर चहाचे तीस खोडले. मग काउंटरचे दहा होते तिथे पाच केले. विमान बारा बाराला उतरलं. त्यांनी कागदाकडे बघितलं आणि तो खिशात ठेवला. आता त्यात खोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"तू इथे थांब," ते म्हणाले. "तिचा फोटो बघितला आहेस ना? बाहेर आली की पळवत आण. मी काउंटर धरून ठेवतो."

"काका, तुम्ही थांबा इथे. मी जाते तिकडे."

"तुला ओळखत नाही तिथे कुणी."

म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं, ते सोडून ते निघून गेले. मी कठड्याला टेकून उभी राहिले. दार उघडायचं, गाड्या ढकलत लोक यायचे, दार मिटायचं. एक वाजला. एक दहा झाले.

ती एक एकवीसला आली. खरंच भराभर चालत होती. एका हाताने मोठी बॅग ओढत, दुसऱ्या हातात पासपोर्ट. मी पुढे झाले. "तुमच्या पुढच्या विमानासाठी," एवढंच म्हणाले आणि आम्ही दोघी पळालो. मी कोण, हे विचारायला तिला श्वास नव्हता.

काउंटरचा दिवा विझला होता. तिथली बाई गळ्यातलं ओळखपत्र काढून निघायच्या बेतात होती. काका तिच्यासमोर उभे होते.

"शिंपी, असं करू नका," ती म्हणत होती. "फोनवर तुम्हीच मला सांगता, बंद म्हणजे बंद. पंधरा मिनिटं वर झाली. यंत्रच घेत नाही आता."

"आली, आली ती. ही बघा."

"मला दिसतंय. मी काय करू?" मग तिने मुलीला विचारलं, "त्या उशिरा आलेल्या विमानाने आलात ना? त्यातले अकरा जण आतल्या आत एक वीसच्या विमानाने पुढे गेले. तुम्ही का नाही काढलंत तसं? एकच तिकीट?"

मुलीने मान वळवली. ती काकांकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही इथे कसे?"

"मी." काकांनी खिशाला हात लावला आणि काढला. "तिकीट मी काढलं होतं."

"मावशीने काढलं ना?"

"मी काढलं. एकच मिळत होतं. मी दोन केली."

"का?"

ते खोटं बोलू शकले असते. स्वस्त पडतं म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खोटं ऐकायला मी मनातून तयार होते.

"तू बाहेर यावीस म्हणून," ते म्हणाले.

ती बॅगेवर बसली. फोन काढला. आमच्याकडे पाठ केली नाही, तेवढंही तिला सुचलं नसावं.

"अरे, नाही पोचत मी. नाही, आज नाहीच. उद्याचं मिळेल. तू... हो. सकाळी सात वाजता आत नेणार ना? कागदावर सही मग तूच कर. आणि शेजारच्या बेडवाल्या काकूंना सांग फोन हातात ठेवायला. नाही रे, रडत नाहीये. विमान चुकलं फक्त."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी काहीतरी सांगावं अशी त्यांची इच्छा होती. मध्ये मध्ये बोलायला मला आणलं होतं. मी विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी पुढे जाणारं अजून एकच विमान होतं, दोन ठिकाणी थांबून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणारं. सकाळी सातला ती त्यात हवेतच असती, फोनही लागला नसता. काकांनी दुसऱ्या दिवशीचं दोन दहाचं तिकीट करून दिलं. तिने ते घेतलं, कारण घ्यावंच लागणार होतं.

"घरी चल," ते म्हणाले. "तुझी खोली आहे तशी आहे."

"नको."

ती समोरच्या लॉजवर गेली. काकांनी बॅग उचलली होती. रस्ता ओलांडताना तिने ती त्यांच्या हातातून घेतली. ओढून नाही. नुसती घेतली.

सकाळी सातच्या आधी मी तिथे गेले तेव्हा काका लॉजच्या खालच्या खोलीत बाकावर बसले होते. शर्ट कालचाच. साडेदहाला ती जिन्यावरून खाली आली. डोळे सुजले होते. काकांसमोर थांबली.

"झालं. बरा आहे तो."

"कशाचं होतं ऑपरेशन?"

"आता विचारताय?" ती म्हणाली.

मग ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. काकांना हवी होती तेवढी मिनिटं झाली, आणि त्याच्या दुप्पट. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते. मधे एकदा तिने विचारलं, "सामान मध्ये कुठे काढायचंय का आज?"

"नाही. सरळ जाईल."

तेवढंच. साडेअकराच्या थोडं पुढे ती उठली आणि रस्ता ओलांडून विमानतळावर काउंटरकडे गेली. रांगेत ती पहिली होती.

काका कामावर येत राहिले. पण तिकिटं जोडणं त्यांनी सोडलं. कुणी आलं की म्हणायचे, "एकच घ्या. महाग पडू दे." गिऱ्हाइकांच्या पायांकडेही बघायचे नाहीत. जेवताना मी गोष्ट सांगायला लागले की डब्याचं झाकण लावायचे. मला वाटायचं, त्यांना सांगावं, चूक माझीही आहे. एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तू काय केलंस? मी सांगितलं ते केलंस." याहून वाईट उत्तर मला मिळालं नसतं.

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. नवरा हिंडूफिरू लागला होता. ती परत निघाली होती. तिकीट तिने स्वतः काढलं होतं, एकच, सरळ. मध्ये इथे दोन तास.

"तुम्ही जाऊ नका भावोजी," मावशी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "ती बाहेर येणार नाही."

"माहीत आहे मला. तिला येताच येत नाही."

तरी काका निघाले. मी पर्स उचलून मागोमाग गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. बाहेर पडणाऱ्यांच्या दारासमोर त्या दिवशी गर्दी नव्हती. काका कठड्याशी गेले नाहीत. पाटीखाली उभे राहिले. विमान वेळेवर उतरलं. ती आत कुठेतरी होती, भिंतीपलीकडे, बहुतेक खुर्चीवर बसून. त्यांच्याकडे तिचा नंबर होता. त्यांनी फोन खिशातून काढला नाही.

दोन तास आम्ही तसेच उभे होतो. मी एकदा पाणी आणलं. ते प्यायले. पाटीवर तिच्या विमानाच्या ओळीपुढचा शब्द बदलत गेला. मग ती ओळ वर सरकली आणि गेली.

"वेळेवर सुटलं," काका म्हणाले.