आक्कांनी विचारलेला प्रश्न

मी सीमाभागातल्या सांबऱ्याच्या शेतकरी घरातला. मेंदूचा डॉक्टर झालो, मूळपेशींवर संशोधन करायला लागलो, आणि या कामाबद्दल मला कधी संकोच वाटला नाही. टिळकवाडीतल्या माझ्या दवाखान्यात लोक मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून विचारतात, "डॉक्टर, एक सुई मारली की माणूस पळायला लागतंय म्हणं?" मी त्यांना झाडतो. असल्या सुया विकणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. काम खरं आहे, पण अजून चाचणीतच आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

अशाच एका चाचणीसाठी आम्ही कंपवाताचे रुग्ण निवडत होतो. निपाणीच्या एका जैन तंबाखू व्यापाऱ्याची आई सगळ्या अटींत बसत होती. सगळे त्यांना आक्काच म्हणत. उजवा हात इतका थरथरायचा की सून भरवायची, आणि तेच त्यांना फार लागायचं. आजार आणखी पुढे सरकला असता तर त्यांना घेता आलं नसतं. मला त्या चाचणीत हव्या होत्या. मुलाची घाई तर माझ्याहून जास्त.

संमती घेताना मी सगळं समजावलं. त्यांच्याच कातडीतून पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून मेंदूच्या पेशी करायच्या आणि त्या आक्कांच्या मेंदूत सोडायच्या. आक्का कंद खात नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या पेशी तिकडं काय खाऊन जगत्यात?"

मुलगा झटकन इंग्रजीत म्हणाला, एवढं सोडून द्या. आक्कांना मराठीसारखंच कानडीही कळतं, म्हणून इंग्रजी. माझं डोकं सणकलं. मी मराठीतच सांगितलं, "वासराच्या रक्तातला द्रव लागतो, आक्का. गाय कापतात तेव्हा तिच्या पोटातल्या वासराचा."

आक्कांनी पुढ्यातला संमतीचा कागद माझ्याकडे सरकवला. "मग नगं. वासरू मारून माझा हात थांबवायचा व्हय?"

मुलगा बाहेर येऊन माझ्यावर तुटून पडला. "तुम्हाला लई खरं बोलायची हौस! आईचा हात गेला की."

"हात त्यांचा आहे, नकारही त्यांचाच," मी म्हणालो. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण वाईट वाटलं, फार वाटलं.

मग मी सहकाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागलो. त्या द्रवाशिवाय पेशी वाढवता येतात हे आम्हाला ठाऊक होतं, फक्त बसलेली पद्धत मोडायची कुणाची तयारी नव्हती. बऱ्याच पेशी मेल्या, बराच काळ गेला, पण जमलं. तोवर आक्कांचा डावा हातही थरथरू लागला होता. आता त्यांना घेता येणार नव्हतं.

गोळ्या बदलायला आल्या तेव्हा मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मुलगा भिंतीकडे बघत राहिला.

"आता वासरू लागत न्हाय न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"नाही, आक्का."

"मग आमच्या गल्लीत एक बाई हाय, तिचा हात नुकताच कापाय लागलाय. तीबी आमच्यातलीच. तिला घ्या माझ्या जागी."

पुढच्याच आठवड्यात त्या बाईंना गाडीत बसवून घेऊन आला तो आक्कांचा मुलगाच.